सहीबाई

केसरोपणाच्या त्या दवाखान्यात तिला सगळे सहीबाई म्हणत. टकलावर केस लावून घ्यायला आलेला माणूस आधी डॉक्टरांना भेटे, मग तिच्या खोलीत येई आणि तिथून सही करूनच बाहेर पडे. आजवर एकही गिऱ्हाईक तिच्या हातून निसटलं नव्हतं आणि याचा तिला कोण अभिमान होता. संमतिपत्र चांगलं जाडजूड होतं. सूज, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लावलेले केस न उगवणं, असं सगळं त्यात ओळीनं मांडलेलं. हे शांतपणे वाचू दिलं तर ‘आपलं टक्कलच बरं’ म्हणून माणूस उठून जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती बोलत राही. मुलं काय करतात, घर लांब आहे का, ऊन बाधतं का. बोलता बोलता पानं उलटत जाई आणि शेवटच्या पानावर फुलीपाशी बोट ठेवी. समोरचा निमूटपणे सही करे.

एक पान मात्र तिनं कधी असं उरकलं नाही. जुने आजार, चालू असलेली औषधं, काय सोसत नाही, हे विचारणारं पान. तिथे ती गप्पा थांबवी, एकेक प्रश्न मोठ्यानं वाची आणि उत्तर ऐकूनच रकान्यात लिही. लबाडीलाही काही हद्द असते, असं तिचं म्हणणं होतं.

बारक्या तिचा धाकटा भाऊ. अंगानं चांगला आडवा झाला तरी घरात बारक्याच. वडील लवकर गेले, आई कामावर जाई, म्हणून याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं हिनंच केलेलं. याच्या पोटात काय आहे ते याच्या आधी मला कळतं, असं ती चारचौघांत सांगायची आणि तो मान खाली घालून हसायचा. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे आणि समोर आरसा धरायचा. मागे भिंतीवरही आरसे, त्यामुळे जिकडे पाहावं तिकडे त्याचं स्वतःचं टक्कल. लग्न दोनदा ठरता ठरता मोडलं होतं. दुसऱ्या मुलीनं कारण तोंडावर सांगितलं. त्यानंतर बहिणीनंच त्याच्यामागे लकडा लावला, डॉक्टरांना गळ घातली आणि त्याला आपल्या खोलीत आणून बसवलं.

त्या दिवशी ती भलतीच खुशीत होती. संमतिपत्राची पानं भराभर उलटली. तो आजारांचा रकाना आला तेव्हा केस आल्यावर मिळणाऱ्या बायकोवरून ती त्याची थट्टा करत होती, आणि बोलता बोलताच तिनं स्वतःच्या हातानं ‘नाही, नाही, नाही’ असं खालपर्यंत लिहून टाकलं. घरच्या माणसाला काय विचारायचं? तो जरा घुटमळला.

“ताई, यात गोळ्यांचंही विचारतात ना?”

“तुला कसल्या आल्यात गोळ्या? तापाचं औषध म्हटलं तरी घरभर पळायचास.”

तो हसला. त्याचे कान लाल झाले. तिनं फुलीवर बोट ठेवलं आणि त्यानं सही केली.

दुसऱ्यांदा लग्न ठरता ठरता मोडल्यापासून त्याची छाती धडधडायची, चष्मा बसवताना हात कापायचे. कुणा डॉक्टरनं त्यावर गोळ्या दिल्या होत्या. घरी काळजी नको म्हणून तो त्या दुकानातल्या खणात ठेवी आणि रोज तिथेच घेई. केस लावण्याआधी डोकं बधिर करण्याचं जे इंजेक्शन देतात, त्यात रक्त थांबवणारं औषध असतं. ते या गोळ्यांवर उलटलं. रक्तदाब एकदम चढला आणि मेंदूतली शीर फुटली. मोठ्या रुग्णालयात तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही औषधं चालू होती का? बहिणीनं क्षणाचाही विलंब न लावता ठामपणे सांगितलं, नाही. संध्याकाळी दुकानाचे मालक गोळ्यांचं पाकीट घेऊन आले.

चौकशी झाली. संमतिपत्राच्या शेवटी स्पष्ट छापलेलं होतं, ‘वरील माहिती मी स्वतः दिली आहे’, आणि त्याखाली बारक्याची सही. दवाखान्यावर बालंट आलं नाही. डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं.

“तुमचा कागद चोख होता म्हणून निभावलं,” ते म्हणाले. ते खरंच आभार मानत होते.

तिनं त्याच दिवशी नोकरी सोडली. आईपासून काही लपवायचं नाही असं ठरवून घरी आली आणि रकाने कुणी भरले ते सांगितलं. 

“एवढं परक्यांना विचारायचीस,” आई म्हणाली. “त्याला तेवढं विचारलं नाहीस?”



बारक्या जगला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लावायचे केस काढण्यासाठी मागून भादरलेलं डोकं पुन्हा केसांनी भरलं, वर टक्कल होतं तसंच आहे. त्याचं सगळं आता तीच करते, लहानपणी करायची तसं. फरक एवढाच, की आता ती विचारल्याशिवाय काही करत नाही. पाणी देऊ का? कूस बदलू का? डोळ्यांवर उजेड येतोय का? तो तिच्याकडे बघत राहतो, ओठ जरासे हलतात, शब्द येत नाही. पेला हातात धरून ती उत्तराची वाट बघत बसते.