टोकावड्याची अज्ञात बाई

लोकगीतं गोळा करणाऱ्या एका संस्थेचे फॉर्म भरून द्यायचं मी हौसेनं कबूल केलं आणि एका शनिवारी शहापूरकडे निघाले. फॉर्मवर 'रचनाकार : अज्ञात' आधीच छापलेलं होतं. त्यांच्या लेखी लोकगीताची व्याख्याच ती. तेवढंच लिहिणं वाचलं म्हणून मला बरं वाटलं.

आसनगावला उतरून शहापूर, तिथून शेअर जीपने शेणवा. जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि ड्रायव्हरला ती भरली असं कधी वाटत नाही. तासभर हाताशी ठेवा. शेणव्यात ओळखीच्या बाईंच्या शेजारी हळद होती. बायका गात होत्या :

मामानं आणला मिक्सर गो, मिक्सर गो,
लाइट नाय गावात, हळद वाटू कशात गो?

"किती जुनं आहे हे?" मी विचारलं.

"लय जुनं. आमच्या आजीच्या आजीचं," नवरीची काकू म्हणाली.

"तेव्हा मिक्सर होते?"

काकूनं नीट विचार केला. "मिक्सर नव्हते. गाणं होतं."

मी तसंच लिहून घेतलं. निघताना एका म्हातारीनं सांगितलं, "टोकावड्याची सून घेऊन आली गो ते."

म्हणून रविवारी किन्हवलीवरून मुरबाड, आणि मुरबाडहून माळशेजकडची एसटी. डावीकडची खिडकी धरलीत तर ऊन कमी लागतं, धूळ तेवढीच. टोकावड्याला रस्त्यालगतच्या ढाब्यावर पिठलं आणि तांदळाची भाकरी मागवली. भाकऱ्या थापणारी बाई तेच गाणं गुणगुणत होती. नाव सखूबाई.

"हे कुठून आलं, मावशी?"

"येतंय कुठून? मीच केलं, भाचीच्या लग्नात. मिक्सर माझ्याच भावानं आणलेला."

मी फॉर्म दाखवला. तुम्ही असाल तर हे लोकगीत नाही, असं मला एका जिवंत बाईला सांगावं लागलं.

गल्ल्यावरचे तिचे यजमान पुढे आले. "अज्ञात लिवलं तर गाणं तिकडं कायम राहील?"

"राहील."

त्यांनी बायकोकडे निरखून पाहिलं. "ही बाई कोण? मी नाय वळखत."

जेवायला बसलेल्या दोन ट्रकवाल्यांनाही त्यांनी समजावलं. त्यातला एक लगेच म्हणाला, "ओ अज्ञात बाई, जरा कांदा द्या."

सखूबाई आधी खूप हसली. कांदा दिला. मग परातीपाशी बसली आणि तिचा चेहरा उतरला. "तीन पोरी उजवल्या, हजार भाकऱ्या थापल्या, कुठं नाव नाय आलं. हे एक गाणं माझं हाय. लिवायचं तर नाव लिवा. नायतर राहू दे. बायका गातात ना? तुमचा कागद काय गाणार हाय?"

मी 'अज्ञात' खोडून तिचं पूर्ण नाव लिहिलं. यजमान ट्रकवाल्यांना म्हणाले, "आता वळखलं तरी चालंल."

दोन दिवसांचा खर्च जेवणासकट हजाराच्या आत झाला. फॉर्म मात्र परत आला : 'रचनाकार हयात असल्याने विचार करता येत नाही.'

सखूबाईकडून मोबाइलवर घेतलेलं गाण्याचं रेकॉर्डिंग मी घरी इतक्यांदा ऐकलं की परवा मुलगा आंघोळ करताना गायला लागला : "मामानं आणला राउटर गो, रेंज नाय घरात..."

मी लाजत सखूबाईला फोन लावून ऐकवलं.

"बदलू दे, ताई," ती म्हणाली. "पर कुणाचं हाय ते पोराला सांगा."

बाथरूमच्या दारावर टकटक करून मी ते लगेच सांगितलं. आतून आवाज आला, "कोण सखूबाई?"

मग मी दाराबाहेर बसून त्याला सगळं सांगितलं.