एकतीस वर्षं न चुकलेली गाठ

आमचे चुलते सुंदरनाना गावच्या शाळेत शिपाई होते, पण त्यांना शिपाई म्हणलेलं खपायचं नाही. घंटा कुणीही बडवतो, पाणी कुणीही भरतो, पण झेंड्याची गाठ बांधणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे, असं त्यांचं मत होतं. लग्नात, दहाव्याला, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसालासुद्धा ते त्यांचं सांगून झालं होतं. झेंड्याची घडी घालायची, पोटात झेंडूच्या पाकळ्या भरायच्या आणि दोरी अशी बांधायची की वर जाईपर्यंत सुटू नये, आणि खालून एक झटका बसला की अडू नये. सतरा सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिदिन धरून वर्षातून चार वेळा, अशी एकतीस वर्षं नानांनी गाठ बांधली. एकदाही अडकली नाही.

घोटाळा एवढाच झाला की त्यावरून नानांनी ठरवून टाकलं, आपण कुठंच चुकत नाही. बोअरला पाणी लागलं नाही, तर जमीन चुकली. नांदूरघाटला एका लग्नाला एक दिवस उशिरा पोचले, तर पत्रिका छापणारा चुकला. 'चुकलो' हा शब्द केसरकाकूनं पंचेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

मागच्या वर्षी माझी थोरली भावजय, वनमालावहिनी, गावची सरपंच झाली. जागा बायकांसाठी राखीव होती. त्यामुळं सही वहिनीची आणि रुबाब माझ्या भावाचा, पप्पूचा, असं चाललं होतं. पप्पूनं खिशाला दोन पेनं लावायला सुरुवात केली होती, त्यातलं एकही चालत नव्हतं. सव्वीस जानेवारीला झेंड्याची दोरीही त्यानंच ओढली आणि वहिनी बाजूला ताट धरून उभी राहिली.

तीस एप्रिलला संध्याकाळी जेवताना वहिनी एवढंच म्हणाली, "उद्या दोरी मी वढणार."

पप्पू हसला. एकटाच हसला.

एक मेची सुट्टी म्हणून सगळं खानदान गोळा झालं होतं. चाकणच्या कंपनीतले आले होते, माजलगावच्या कारखान्यावरचे आले होते, आत्या आपापला गोतावळा घेऊन आल्या होत्या. मोजून त्रेचाळीस माणसं आणि न्हाणी एकच. पहाटे चारपासून बादल्यांची रांग लागली. नाना मात्र सगळ्यांच्या आधी अंघोळ करून, धुतलेल्या चादरीवर झेंडा घेऊन बसले. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, पण आठ दिवस हेडमास्तरांच्या मागं लागून त्यांनी ही गाठ मागून घेतली होती. आणि रात्रीपासून तर तो सुनेचा पहिला झेंडा झाला होता! वारं सुटलं आणि अर्ध्यातच उघडला तर? म्हणून मायेपोटी त्यांनी दोरीचा एक वेढा जास्तीचा दिला.

शाळेचं अर्धं मैदान आमच्याच घरानं भरलं. पुढच्या खुर्चीत तात्याबा बसले होते. त्यांची सून वहिनीकडून नऊ मतांनी पडली होती. वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, दोरी धरली आणि झटका दिला.

झेंडा ढिम्म.

दुसरा झटका. तिसरा. बांगड्या तेवढ्या वाजल्या. मग आमच्या घरातून सल्ले सुटले. "डावीकडून वढ!" "ढील दे, ढील!" "आगं, आधी खाली सोड की!" पप्पू बाह्या सावरत पुढं निघाला, तोच केसरकाकू कडाडली, "तू सरपंच हायस का रं? हुबा ऱ्हा जागेवर!"

तेवढ्यात तात्याबा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "म्हून म्हणत व्हतो, बाईच्या हाताला यश नसतंय. पप्पूच्या हातानं कसा झटक्यात सुटला व्हता."

मैदानात कुजबुज झाली. दोन-चार माना हलल्या. वहिनीचा चेहरा पडला आणि तिनं दोरी पप्पूकडं धरली.

मी नानांकडं बघितलं. ते वरच्या कप्पीकडं बघत होते. मग वाऱ्याकडं, मग नव्या शिपायाकडं. नाना चुकणारा कुणीतरी शोधत होते, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि गप्प बसले असते तरी चाललं असतं, कारण दोष आयताच वहिनीच्या नावावर लागला होता.

नाना चालत माइकजवळ गेले. त्यावर दोनदा टकटक केली.

"सुनबाईचा हात बराबर हाय," ते म्हणाले. "गाठ म्या बांधलीय. येक येढा जास्तीचा दिला. चूक माझी हाय."

बायकांतून केसरकाकूचा आवाज आला, "काय म्हणलात? माइक जरा जवळ घ्या!"

"चूक माझी हाय म्हणलं!" नाना ओरडले. सगळं मैदान हसलं. तात्याबासुद्धा हसले, मग आपलंच बोलणं खोटं पडलंय ते लक्षात येऊन खाली बघू लागले.

झेंडा खाली घेतला. नानांनी एकाच वेढ्यात गाठ बांधली. पप्पूच्या हातातून दोरी वहिनीनं परत घेतली. एक झटका बसला आणि झेंडा उघडला. राष्ट्रगीत आमच्या घरानं निदान सहा पट्ट्यांत म्हटलं.

दुपारी पुरणपोळी आणि येसर आमटीची पंगत बसली, पण नाना लिंबाखाली एकटेच बसून राहिले. वहिनी ताट घेऊन तिकडं गेली, मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं.

"मामंजी, माज्यापायी तुमचं एकतीस वर्साचं नाव गेलं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

नानांनी पोळीचा तुकडा मोडला.

"आगं, एकतीस वर्सं ते नाव नुसतं मिरवलं म्या," ते म्हणाले. "कुणाच्या कामाला आलं न्हवतं. आज आलं."