माझ्या कार्डावर दुसऱ्याची गाडी

जव्हारला एका हॉटेलच्या आवारात इलेक्ट्रिक गाड्या चार्ज करायचं मशीन आहे. नाशिकला निघालेल्याला मोखाड्याचा रस्ता धरण्याआधी तेवढाच आधार. माझ्याकडे एक कार्ड आहे. कुठल्याही कंपनीच्या मशीनला टेकवलं की चालतं, मोबाइलला रेंज नसली तरी.

त्या दुपारी माझी गाडी भरत आली होती. मागे दुसरी येऊन थांबली. माझीच कंपनी, माझाच रंग, पण कोरी. उतरला तो जामसरचा एक शेतकरी. त्याची मुलगी आश्रमशाळेत माझ्या वर्गात होती. ती मागे फाईल मांडीवर घेऊन बसली होती. नाशिकला नर्सिंगच्या प्रवेशाची कागदपत्रं दाखवायची, शेवटचा दिवस, पाचच्या आत. आणि मशीन सुरू करायचं ॲप उघडायला त्याच्या फोनला रेंज येईना.

“गुरुजी, तुमच्या कार्डावर दुसऱ्याची गाडी भरते का?”

“नाही रे. रेशनकार्डासारखं असतं. ज्याचं त्याला.”

त्याला लगेच पटलं. दुसऱ्याच्या कार्डावर धान्य आणायला जाऊन रिकामी पिशवी घेऊन परतलेला माणूस तो. पुन्हा विचारलं नाही. उलट माझा खोळंबा केला म्हणून ओशाळला.

का खोटं बोललो, ते बायकोलाही सांगितलेलं नाही. पोरीशी वैर नव्हतं. पटनोंदणीला गेलो की ज्याच्या घरी मला बसायला गोणपाट झटकून द्यायचे, तो माझ्यासारख्याच गाडीतून उतरला, हे मला सोसलं नाही. एवढंच.

मी वायर काढली आणि निघालो. नाशिकलाच. मागची सीट रिकामी होती.

गाडी तिथेच ठेवून ती दोघं जीपने पोहोचली तेव्हा ऑफिसला कुलूप होतं. जागा गेली. मुलगी आता भिवंडीच्या गोदामात खोकी चिकटवते.

पुढे त्यालाही तसं कार्ड मिळालं. वाटेत अडलेल्या एकाने टेकवून तर बघा म्हणून गळ घातली. ह्याने टेकवलं, आणि त्या परक्या माणसाची गाडी भरली. दिवाळीला मुलगी घरी आली तशी दोघं माझ्या दारात. विचारलं तिने.

“गुरुजी, तुम्हाला तेव्हा माहीत होतं ना?”

“नाही गं. मलाही कुठे ठाऊक होतं.”

बापाचा चेहरा उजळला. मी म्हणत नव्हतो का, असं तिला म्हणाला, आणि गुरुजींवर संशय घेतलास तर आता पाया पड म्हणून सांगितलं. ती उभीच राहिली. त्याने दंडाला धरून तिला वाकवलं. तिची बोटं माझ्या पावलांना लागली. डिंकाने खरखरीत झालेली.

मी पाय मागे घेतले नाहीत. “सुखी राहा,” म्हणालो.