तिसऱ्या दिवसाची चिंधी

वरवट बकालात कुणाला कापलं, खरचटलं की आधी शालूबाई. बांधावरच्या कंबरमोडीचा पाला चोळायचा, रस पिळायचा, लुगड्याची चिंधी घट्ट आवळायची आणि दम भरायचा, "तिसऱ्या दिसाआंधी सोडली तं मायाशी गाठ हाय!" चाळीस वर्षं हेच. रक्त थांबायचंही हो, खोटं कशाला बोला! गावातले निम्मे गुडघे तिच्याच हाताखालून गेलेले.

या वेळी सोयाबीन सोंगताना विळा लागला तो तिच्याच रुख्मिणीच्या पोटरीला. दिवाळीनंतर पोरीचं लग्न होतं. दुसऱ्या दिवशी ती कण्हायला लागली, "माय, लय आग होऊन राह्यली व, सोड न." शालूबाईनं डोळे वटारले. साऱ्या गावाला एक नेम आणि घरच्या पोरीला दुसरा? छट्! तिसऱ्या दिवशी चिंधी सुटली तेव्हा आत पू होता, पोटरी काळीनिळी पडली होती आणि रुख्मिणी तापात बरळत होती.

आता अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टर वकार समोर उभा होता. शेजारच्या संग्रामपूरचा पोरगा. लहानपणी याचाही गुडघा शालूबाईनंच बांधलेला.

"मावशी, जंतू रक्तात गेले. औषध त्याहिले मारून राह्यलं, पण जंतूंशी लढणाऱ्या तिच्या पेशीच मरून राह्यल्या. आपोआप."

"मंग त्याहिले मरू नोको देऊ न!"

वकारच्या तोंडून निघून गेलं, "उंदरांवर केलंय तसं. पेशींत एक जनुक सोडतात, ते त्यांना मरू देत नाही. बरेच उंदीर वाचले."

"अन् माही पोरगी उंदराहून हलकी हाय काय बे?"

"माणसासाठी ते अजून तयार नाही, मावशी."

"मंग माया पेशी घे! सारं रक्त काढ माह्यं!" तिनं दोन्ही हात पुढे केले. वकारनं ते हळूच खाली केले. तसं होत नसतं, म्हणाला. शालूबाईला आपल्याच हातांची शिसारी आली. चिंधी आवळली त्या दिवशी हे तुटून का पडले नाहीत, असं वाटलं तिला.

दुपारी तिला आत सोडलं. रुख्मिणीचे ओठ हलत होते. शालूबाईनं कान जवळ नेला.

"माय, तिसरा दिवस झाला काय व? सोड न आता."

"सोडली व बाई, कालच सोडली," शालूबाई रडत म्हणाली.

रुख्मिणीला ते ऐकू गेलं नाही. ती पुन्हा तेच मागत राहिली.