ओढ्याचं वळण

मोशीच्या शिवारात शालनबाईंच्या रानाला एक ओढा वरून भिडायचा. वरच्या तुकड्यात त्यांच्या विहिरीजवळून जायचा आणि मधोमध आडव्या काळ्या दगडाच्या भिंतीला थडकला की काटकोनात वळून धाकट्या जावेच्या, सुमनताईंच्या रानात शिरायचा. भिंत कुणी रचलेली नव्हती, जमिनीतूनच वर आलेली. तिच्याखालचं शालनबाईंचं मोठं रान मात्र कोरडं.

सुमनताईंकडे अळू माजायचा, नव्या सोसायट्यांतल्या बायका सकाळी त्यांच्याच काठाला फिरायला यायच्या. शालनबाई बांधावरून बघत राहायच्या. "पानी बी माणूस बघून वळतंय," त्या म्हणायच्या.

त्यात सुमनताईंची लेक तनुजा पुण्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवू लागली. एकदा ती बांधावर बसून म्हणाली, "मोठ्याई, खडकाला तडा गेला आणि लाव्हा त्यात घुसून थिजला, त्याची ही भिंत. बाजूच्या खडकापेक्षा टणक. म्हणून ओढा तिच्या कडेकडेनं जातो. जमिनीतलं पाणीही तीच अडवते, तुमची विहीर तिच्यामुळेच भरलेली असते."

"आईच्या रानाच्या बाजूनं बोलतीयस तू," शालनबाई म्हणाल्या. त्यांची दोन्ही पोरं चाकणच्या कंपनीत शिफ्टला. बांधावर बसून असं समजावणारं घरात कुणी नव्हतं. खडकापेक्षा तेच जास्त टोचलं.

उन्हाळ्यात त्यांनी भिंत फोडायला ब्रेकर लावला. भिंत मशिनला दाद देईना. तीन छिन्न्या झिजल्या, तेव्हा कुठे पुरुषभर खोल खाच पडली. पावसाळ्यात ओढा खाचेतून खालच्या रानात उतरला. सुमनताईंचा अळू पिवळा पडलेला पाहून शालनबाईंना त्या रात्री छान झोप लागली.

दिवाळीनंतर विहिरीचं पाणी झपाट्यानं खाली गेलं. संक्रांतीला मोटार हवा ओढू लागली. ओढ्याचं आणि खाचेतून झिरपलेलं जमिनीतलं पाणी कधीच इंद्रायणीकडे निघून गेलं होतं. आता दोन्ही घरं टँकरवर आली.

सुमनताई आल्या त्या भांडायला नव्हे. "आक्का, खाच बुजवू. तनुजा म्हणती, चिकणमाती ठोकून वर काँक्रीट घातलं तर थांबंल."

"तुजा अळू वाळला, तरी बोलत न्हाईस?"

"बोलून पानी येतंय व्हय?"

खाच बुजली. पुढच्या पावसाळ्यात ओढा पुन्हा वळला, विहीर सावकाश भरली. शालनबाईंनी तनुजाला बोलावून साडी दिली, मनापासून दिली. ती नेसून तनुजा आपल्या आईच्या खांद्यावर हात टाकून बांधावरून जाऊ लागली, तशी शालनबाईंना ते जुनंच पुन्हा टोचलं. त्या नजर न हटवता, दोघी दिसेनाशा होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.