उभा ओटा

डोंबिवलीतला तो ब्लॉक आम्ही भाड्याने घेतला तेव्हा स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक गॅलरी. घरमालक जागा दाखवायला आले ते बाहेरच्या खोलीत थांबलेच नाहीत. आम्हाला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि खिडकीखालच्या शहाबादी फरशीवर थाप मारून म्हणाले, "उभा ओटा आहे. वहिनींना वाकायला नको, बसायला नको. आता सगळ्या नव्या बांधकामात असंच करतात."

वहिनी म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाळेत शिकवते हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असावं. ह्यांनीही कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. शिकलेली, नोकरी करणारी बायको म्हणजे तिला उभा ओटा हवाच, असं दोघांनीही धरून चाललेलं. मी हसले. खरं सांगायचं तर तो ओटा बघूनच माझ्या पोटऱ्या दुखायला लागल्या.

शाळेत मी दिवसभर उभी असे. तास घेताना शिक्षिकेने बसायचं नाही, असा आमच्या मुख्याध्यापकांचा दंडक होता. "बाई बसल्या की वर्ग झोपतो," असं ते म्हणत. वर्गात खुर्ची होती, पण ती तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी. एरवी तिच्यावर डस्टर ठेवलेलं असे. संध्याकाळी घरी आल्यावर मला एकच गोष्ट हवी असे. भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसायचं आणि पाय लांब करायचे.

सासूबाईंना त्या ओट्याचं वेगळंच वाटलं. कल्याणच्या जागेत चाळीस वर्षं त्यांनी पाटावर बसून स्वयंपाक केला होता. सामान लागल्यावर त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि ह्यांना म्हणाल्या, "इथं उभं राहून रांधायचं?"

"हो आई. सोयीचं असतं."

"उभ्याने आचारी रांधतात. जेवणावळीत. घरातली बाई चुलीपाशी उभी दिसली की मला वाटतं, ही आता कुठंतरी निघाली."

त्यांनी ओटा दोनदा धुतला आणि वर देव्हारा मांडला. स्टोव्ह आणि शेगडी खाली जमिनीवर आली, समोर त्यांचा पाट. महिन्याभराने घरमालक नळाचं काहीतरी बघायला आले. ओट्यावर देव बघून त्यांनी चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि नळ बघून निघून गेले. मला मनातून बरंच वाटलं. पोळ्या मला बसून लाटता येणार होत्या.

पण सासूबाईंचे गुडघे गेलेले होते. त्या ते कबूल करत नसत. दर संकष्टीला टिटवाळ्याला जायच्या, ते त्या वर्षी बंद झालं. "फार गर्दी असते हल्ली," म्हणाल्या. पाटावरून उठताना आधी माझा खांदा धरत, मी नसले की ओट्याची कड. वरचा देव्हारा त्या हिसक्याने हले. मी एकदा म्हटलं, "स्टोव्ह वर ठेवू या का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांना वाटलं असणार, शेवटी हिला तो ओटा हवाच आहे.

श्रावणातली गोष्ट. मी साडेपाचला शाळेतून आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत सासूबाई विझलेल्या स्टोव्हसमोर पाटावर बसल्या होत्या, मांडीवर तांदळाचं सूप.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "आधी मला मोरीकडे ने."

अकरा वाजता आमटी उतरवली आणि उठायला गेल्या, तर पाय उचलेनात. तेव्हापासून त्या तिथेच होत्या. हाताशी सूप होतं, म्हणून त्यातले तांदूळ त्यांनी तीनदा निवडले होते. दुपारी शेजारच्या बाई वाटी परत करायला दाराशी आल्या होत्या. त्यांना सासूबाईंनी आतूनच सांगितलं, "कामात आहे, तिथंच ठेवा."

मी त्यांना काखेत धरून उठवलं. मोरीतून आल्यावर कॉटवर निजवलं, पाय चोळायला बसले. "अहो, त्यांना हाक का नाही मारलीत?"

"काय सांगू हाक मारून? स्वयंपाकाला बसले आणि आता उठता येत नाही?" त्या भिंतीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षांत असं नव्हतं झालं गं."

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमेची सुट्टी होती. त्यांची पूजा झाली आणि त्यांनी ह्यांना आत बोलावलं. "देव खाली घे."

"खाली? जमिनीवर?"

"चौरंग मांड त्या कोपऱ्यात. त्यांना काही होत नाही. देवांना गुडघे नाहीत."

असा स्टोव्ह ओट्यावर गेला. आठवड्याभरात सासूबाईंना तिथे उभं राहणं जमलं, आणि मला वाटतं, आवडलंही. ओट्यावरच्या खिडकीतून मागची भातशेतं दिसत, एक विहीर आणि पलीकडे दोन-तीन घरं. इतकी वर्षं चुलीशी बसून त्यांना फक्त समोरची भिंत दिसली होती. संध्याकाळी मी खाली पाय पसरून पोळ्या लाटत असे आणि लाटलेली पोळी हात उंच करून त्यांच्या हातात देत असे. त्या ती तव्यावर टाकत आणि मला बाहेरचं सांगत. "आज विहिरीवर भांडण जुंपलंय बघ." "ती तांबडी गाय पुन्हा शेतात शिरली." मला खालून आभाळाचा एवढासा तुकडा दिसे. पण त्या महिन्याभरात त्या शेतात काय काय झालं ते मला सगळं ठाऊक होतं.

मग कल्याणहून ह्यांची आत्या आली, म्हणजे सासूबाईंची नणंद. न कळवता आली आणि घरचीच असल्यामुळे सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिला काय दिसलं असेल ते मला आता स्वच्छ कळतं. साठीची विधवा भावजय तव्यापाशी उभी, आणि तरुण सून खाली पाय पसरून बसलेली.

"अगंबाई!" एवढंच ती म्हणाली. चहा घेतला, चिवडा खाल्ला आणि गेली.

पुढच्याच महिन्यात कल्याणला एका बारशात लांबच्या एका जावेने मला बाजूला घेतलं. "नोकरी करतेस ते ठीक आहे गं. पण म्हणून म्हातारीला उभी ठेवून आपण बसायचं?"

घरी येऊन ह्यांना सांगितलं. "लोक बोलायचेच. तू कशाला मनाला लावून घेतेस?" एवढं म्हणून त्यांनी पेपर उघडला. सासूबाईंनी बाहेरच्या खोलीतून ते ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून नवीनच सुरू झालं. गॅलरीत पावलं वाजली की त्या म्हणत, "ऊठ, ऊठ. कुणीतरी येतंय." मी पिठाच्या हातांनी उठून ओट्यापाशी उभी राही, त्या भिंत धरत बाहेर जाऊन कॉटवर बसत. पावलं बहुधा पुढच्या बिऱ्हाडाची निघत. मग त्या पुन्हा आत येत, मी पुन्हा खाली बसे. एका संध्याकाळी चार-चारदा. तव्यावरची पोळी करपे, आणि त्यांना त्या येण्याजाण्याचाच जास्त त्रास होई. मी म्हटलं, "मीच उभी राहते रोज. होईल सवय." तर म्हणाल्या, "मग मी काय करू? कॉटवर बसून तुझी वाट बघू?"

दिवाळीच्या आधी आत्या पुन्हा आली. दारातला तिचा आवाज ओळखून मी उठायला लागले, तर खांद्यावर हात पडला आणि त्याने मला खाली दाबलं.

"बस."

आत्या आत आली तेव्हा सासूबाई पोळी उलटत होत्या. मागे न बघता त्या म्हणाल्या, "वन्सं, मला बसता येत नाही म्हणून मी उभी आहे. ती दिवसभर शाळेत उभी असते म्हणून बसली आहे. चहा टाकू का?"

"मी काही म्हटलंय का वहिनी?" आत्या म्हणाली.

तिने चहा घेतला. पुढे कानावर आलं ते असं, की सुनेने आता सासूला काय बोलायचं तेही पढवून ठेवलंय. ते ऐकून सासूबाईंनी नुसता हात झटकला. त्या दिवशी आत्याला एवढं कसं बोललात, असं मी पुढे एकदा विचारलं. म्हणाल्या, "कंटाळा आला होता गं. किती वेळा आत-बाहेर करायचं माणसानं?"

त्यानंतर त्या तीन वर्षं त्या ओट्याशी उभ्या होत्या, शेवटच्या आजारपणापर्यंत. त्या गेल्यावर मी एकटीच स्वयंपाक करू लागले, तो उभ्यानेच. खाली बसून लाटलेली पोळी वर द्यायची कुणाकडे? ह्यांना वाटलं, अखेर मला ओटा वापरायला मिळाला.

बऱ्याच वर्षांनी ठाण्याला घरातलंच एक लग्न होतं. जेवणं उरकत आली होती आणि मी नुकतीच कुठे टेकले होते. नात्यातली नवी लग्न झालेली एक मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि हसत म्हणाली, "काकू, तुम्ही म्हणे सासूबाईंना उभं करून स्वतः बसायचात! आमच्याकडे अजून सांगतात."

तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. थोडं कौतुकच होतं.

"हो," मी म्हटलं. सगळं सांगायचं तर फार वेळ लागला असता, आणि त्या दिवशी मी पहाटेपासून उभी होते.