डेस्मंड प्रूइटचं मागचं उजवं चाक

इंग्लंडातल्या लडलो गावच्या डेस्मंड प्रूइटने आपली गाडी स्वतःच्या हाताने बांधली होती. सुट्या भागांची अकरा खोकी, मोडीत काढलेल्या एका गाडीची मागची चाकं आणि बायकोची सहा वर्षांची सहनशक्ती, एवढ्या सामानातून ती उभी राहिली. तिला छप्पर नव्हतं, दारंही नव्हती. आत बसायचं तर आधी एक पाय टाकायचा, मग धीर गोळा करायचा, मग दुसरा पाय.

गाडी दिसायला देखणी होती, पण मागचं उजवं चाक टायर खायचं. सगळा नाही, फक्त आतली कड. उंदराने पाव कुरतडावा तशी. बाकीची तीन चाकं सज्जन होती. ह्या एकाचा टायर मात्र हजार मैलांत आतून टकला आणि बाहेरून कोरा करकरीत.

गेल्या वर्षी बारमथच्या समुद्रावर जायला निघाले असताना तोच टायर अर्ध्या वाटेत फुटला. म्युरिएल, म्हणजे त्याची बायको, गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकमधून परत आली, ड्रायव्हरच्या कुत्र्याला खेटून. घरी आल्यावर डोक्याचा रुमाल सोडत ती एवढंच म्हणाली, "त्या ट्रकला छप्पर होतं, डेस्मंड. हीटरही होता."

यंदा तिने आधीच सांगून टाकलं. "शनिवारपर्यंत ते चाक सुधारलं तर तुझ्याबरोबर बारमथ. नाही सुधारलं तर हिल्डाबरोबर बसने स्कारबरो. तिने माझी जागा धरून ठेवलीय." हिल्डा म्हणजे तिची मैत्रीण; आणि समुद्र स्कारबरोलाही होता.

डेस्मंडला ह्या जगाकडून फार काही नको होतं. शेजारच्या डाव्या सीटवर म्युरिएल बसलेली असावी आणि समोर समुद्र दिसावा, एवढंच. त्या सीटसाठी त्याने तिच्या आवडीचं हिरवं कातडं शोधून आणलं होतं. आजवर त्या सीटवर जास्तीत जास्त वेळ कोण बसलं असेल, तर हवा भरायचा पंप.

दर रविवारी सकाळी 'प्लाउ' पबच्या अंगणात हौशी गाडीबांध्यांचं मंडळ जमायचं. कुणाची गाडी आजारी आहे म्हटलं की सगळे हातातला ग्लास न सांडता गुडघ्यांवर बसायचे. एकाने सांगितलं, रबरं झिजलीत. डेस्मंडने रबरं बदलली. दुसरा म्हणाला, स्प्रिंग मऊ आहे. स्प्रिंग बदलली. तिसऱ्याने शॉकअब्सॉर्बरवर ठपका ठेवला, तेही बदलले. चाक खातच राहिलं. आताशा मंडळी आधी चाकाकडे बघत, मग डेस्मंडकडे, आणि मग घाईघाईने आभाळाकडे. "मे महिना कोरडाच गेला, नाही?" कुणीतरी म्हणे, आणि बाकीचे फार मोठा आधार मिळाल्यासारखे माना डोलवत.

गुरुवारी गॉर्डन प्यू डेस्मंडच्या गॅरेजमध्ये मदतीला आला. गॉर्डनने तीस वर्षं गुरांच्या बाजारात वजनकाटा सांभाळला होता. बैल फाटकातून आत शिरला की काट्याच्या आधी गॉर्डन आकडा सांगायचा.

"चाकं जुळवताना सीटवर वजन ठेवलं होतंस?" त्याने विचारलं.

"ठेवणार नाही तर! पुस्तकात लिहिलंय, चालवणाऱ्याच्या वजनाएवढं ठेवा. माझ्याएवढी वाळू ठेवली. साडेअकरा स्टोन."

गॉर्डनने चहाच्या कपात पाहिलं. "वाळू ओली होती का?"

"कोरडी."

"ओली जड भरते."

"कोरडी होती म्हणतोय ना."

"मग मिटलंच," गॉर्डन म्हणाला आणि पुन्हा कपात शिरला.

साडेअकरा स्टोन, म्हणजे त्र्याहत्तर किलो, हे डेस्मंडचं लग्नाच्या दिवशीचं वजन. लग्नाला आता बत्तीस वर्षं झाली होती. वजन ही त्याच्या लेखी जन्मतारखेसारखी गोष्ट होती. एकदा सांगितलं की आयुष्यभर तेच.

बशीत केक घेऊन म्युरिएल दारात उभी होती. "गॉर्डन, बैलांच्या तोंडावर सांगायचास ना रे? मग ह्यालाच का लाजतोस?"

"बैल उद्या पबमध्ये भेटत नाही, म्युरिएल."

"काय सांगायचंय?" डेस्मंडने विचारलं.

उत्तरादाखल तिने न्हाणीघरातला काटा आणून त्याच्यापुढे ठेवला. डेस्मंड चढला. साडेपंधरा.

"काटा बिघडलाय," तो म्हणाला. गॉर्डन चढला. काट्याने त्याचं वजन बरोबर सांगितलं. डेस्मंड पुन्हा चढला, ह्या वेळी श्वास आत घेऊन. साडेपंधराच.

चार स्टोन. बटाट्याचं अख्खं पोतं. इतके दिवस ते न सांगता गाडीत बसत होतं. त्या भाराने उजवी स्प्रिंग दबायची, चाक माथ्याकडून आत कलायचं आणि सगळा भार टायरच्या आतल्या कडेवर यायचा.

डेस्मंड काट्यावरून उतरला. मग त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे गाडी मी बरोबरच बांधली होती!"

"गाडी बरोबरच आहे," गॉर्डन म्हणाला. "पण बारमथला तुम्ही दोघं जाणार ना? मग डाव्या बाजूलाही... म्हणजे... तिकडे किती वाळू..."

दोघेही म्युरिएलकडे बघायचं टाळत भिंतीवरच्या रंगाच्या डब्यांकडे बघू लागले.

"आकडा मिळणार नाही," म्युरिएल म्हणाली. तिने ॲप्रन सोडला, एक पाय टाकला, धीर गोळा केला, दुसरा टाकला आणि केकची बशी मांडीवर घेऊन हिरव्या सीटवर बसली. "हवी ती मापं घ्या."

डेस्मंड उजवीकडे बसला. गॉर्डन पान्हा घेऊन खाली सरपटला. चाकांच्या कडेला त्याने ओळंब्यासारखी दोरी सोडली. "हलू नका. गाडी हलली की दोरीचं माप चुकतं."

पावणेदोन तास ती दोघं समोरच्या भिंतीकडे तोंड करून शेजारीशेजारी बसली होती.

"सीट बरी आहे," अर्ध्या तासाने म्युरिएल म्हणाली.

"कातडं तुझ्यासाठी आणलं."

"माहितेय. इथे वारा लागत नाही, ते एक छान आहे."

अखेर गॉर्डन ग्रीसने माखून बाहेर आला. दोन्ही चाकं दोरीला सरळ लागत होती. "जमलं. उतरा आता."

म्युरिएल उतरली नाही. "गॉर्डन, हात पूस आणि हिल्डाला फोन लाव. म्हणावं, माझी जागा दुसऱ्या कुणाला दे."

काहीतरी मोठं बोलावं असं डेस्मंडला वाटलं. "म्युरिएल, उद्यापासून बटाटे बंद. केक बंद. रोज नदीपर्यंत चालत जातो."

"खबरदार," म्युरिएल म्हणाली आणि बशी त्याच्यापुढे सरकवली. "बारमथहून परत येईपर्यंत एक पौंड कमी करायचा नाहीस."